घर झोपून बघायचं

लोक घर बघायला गेले की नळ सोडून बघतात, भिंतींना ओल आहे का बघतात, शेजारी कोण आहेत ते आडून आडून विचारतात. हे नवरा-बायको घर झोपून बघायचे. म्हणजे झोपायची बायको, आणि नवरा दाराशी राखण करायचा.

बायको नर्स होती, लहान मुलांच्या वॉर्डातली. तिला नव्या शहरात मोठ्या इस्पितळात जागा मिळाली होती, पण पहिली दोन वर्षं रात्रपाळीच. आत्ताच्या नोकरीतही रात्रपाळीच होती आणि गेली तीन वर्षं दिवसा तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. मागच्या महिन्यात ती सकाळी लेकीचा हात धरून बसस्टॉपवर बसली आणि बसल्या बसल्या पेंगली. जाग आली तेव्हा हातात हात नव्हता. चार वर्षांची पोर पार रस्त्याच्या कडेला उभी राहून गाड्या बघत होती. त्या दिवशी घरी येऊन ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "नव्या घरात झोप लागली तर ठीक. नाहीतर मी काम सोडणार." ते काम तिला किती जिवापाड आवडतं हे नवऱ्याला पुरतं ठाऊक होतं.

आता नवऱ्याचा धंदा काय, तर आवाज मोजायचा. कारखान्यांतून हिंडायचं, यंत्रांचा आवाज मोजायचा आणि कामगारांच्या कानांना कुठे धोका आहे ते मालकाला लिहून द्यायचं. मालक त्याला समोर चहा पाजायचे आणि पाठीमागे शिव्या घालायचे. पण स्वारी आकड्यापुढे कुणालाच भीक घालत नसे. घर शोधायची वेळ आली तेव्हा त्याने उपनगरांचा नकाशा भिंतीवर लावला आणि हमरस्ता, बाजार, गॅरेज, शाळा जे जे दिसलं त्यावर लाल फुली मारली. शाळांवर तर दोन दोन.

घरातही त्याचा कडक कायदा होता. आई झोपली की कुणी आवाज काढायचा नाही. कुकरची शिट्टी नाही, दाराची घंटा नाही. त्यामुळे लेक कुजबुजतच मोठी झाली होती. गाणं म्हणायची तेसुद्धा तोंड मिटून, म्हणून तिचं नाव पडलं भुंगी.

त्या शुक्रवारी बायको ड्यूटी संपवून थेट बसने आली. पांढरे बूट पायातच होते आणि पिशवीत चादर, उशी. घरं दाखवणाऱ्या बाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत हजर होत्या. बाईंना आता या कुटुंबाचा अंदाज आला होता. गल्लीत शिरायच्या आधीच त्या म्हणायच्या, "शांतता म्हणजे किती, तर विचारू नका!"

त्या दिवशीचं पहिलं घर गल्लीच्या अगदी टोकाला होतं, मागे नुसती झाडं. नवऱ्याने मधल्या खोलीत यंत्र धरलं आणि आकडा बघून त्याचा चेहरा खुलला. तेहतीस डेसिबल! वाचनालयातसुद्धा एवढी शांतता नसते. त्याने चादर अंथरून दिली, पडदा ओढला आणि भुंगीला कडेवर घेऊन पार कोपऱ्यापलीकडच्या बागेत गेला. दीड तासाने पावलं न वाजवता परत आला, तर बायको आढ्याकडे बघत पडलेली.

"काय झालं?"

"काही नाही."

"कसला आवाज आला का?"

"कसलाच नाही आला ना. कान लावून पडले होते. म्हटलं, तुम्ही दोघं गेलात कुठे, भुंगी बरी आहे ना." ती उठून चादरीची घडी घालायला लागली. "वॉर्डात यंत्रांची टिकटिक चालू असते, पोरं रडत असतात, तोवर आम्ही निवांत. एखाद्या खाटेवरचा आवाज थांबला की आम्ही धावतो. सवयच लागलीये."

त्याने मान डोलावली. ऐकलं त्याने, पण डोक्यात काही शिरलं नाही. बाहेर येऊन तो बाईंना म्हणाला, "याहून शांत काही आहे का?"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "साहेब, याहून शांत म्हणजे आता स्मशानच दाखवावं लागेल."

बायको खुदकन हसली. पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून नवऱ्याला हसू आलं नाही.

दुसऱ्या घराकडे जाताना वाटेत भुंगीने बाबाचा शर्ट ओढला आणि कानात सांगितलं की तिला जोराची लागली आहे. आता आली का पंचाईत! बाई म्हणाल्या, "इथे वळणावर एक घर आहे, किल्ली आहे माझ्याकडे. तुमच्या कामाचं नाही ते, समोर शाळा आणि खेळाचं मैदान. पण पोरीची सोय होईल."

घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं, उघडंबोडकं. खिडकीबाहेर छोटा रस्ता आणि पलीकडे मैदान. एका वर्गाची पोरं आत गेली की दुसऱ्या वर्गाची बाहेर यायची. पाठशिवणी, भांडणं, घसरगुंडीवरून किंचाळत येणं, सगळा गोंधळ थेट खोलीत. नवऱ्याने सवयीने यंत्र काढलं. एकोणसत्तर. त्याने ते तोंड वाकडं करून खिशात टाकलं.

भुंगी मोकळी झाली आणि तिला खिडकीतून झोपाळा दिसला. मग काय, ती हटूनच बसली. बायको भिंतीला टेकत म्हणाली, "जा घेऊन तिला. मी इथेच टेकते पाच मिनिटं." बाईंना दुसरीकडे घर दाखवायचं होतं. त्या किल्ली ठेवून गेल्या.

मैदानात पहिली दहा मिनिटं भुंगी गपचूप झोके घेत होती. मग एका मोठ्या मुलीने तिला जोरात ढकललं, झोका उंच गेला आणि पोरगी अशी किंचाळली की नवरा दचकला. एवढा आवाज तिच्यात आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याने घाबरून खिडकीकडे पाहिलं आणि रस्ता ओलांडून धावला.

बायको झोपली होती. टेकल्या जागी घसरून फरशीवर आडवी झालेली, उशी पिशवीतच, बूट पायात, तोंड किंचित उघडं. वॉर्डातल्या घड्याळाला बांधलेली आपली बायको अशी झोपलेली त्याने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच काय ती पाहिली होती. तो चोरपावलांनी बाहेर आला आणि झोपाळ्यावरच्या भुंगीवर नजर ठेवून दाराशी उभा राहिला. बारा वाजले होते. एक वाजला, दोन वाजले. मैदानावर कल्ला चालू, आत ही गाढ. त्याला याचा काही उलगडा होईना.

पावणेतीनला बाई परत आल्या. "अहो, चारला दुसरी माणसं येतायत हे घर बघायला. ताईंना उठवा आता, मला झाडून घ्यायला हवं."

"दहा मिनिटं थांबा हो."

तेवढ्यात शाळेची घंटा झाली. पोरं दप्तरं घेऊन बघता बघता पांगली. मैदान रिकामं झालं. भुंगी एकटीच झोपाळ्यावर उरली आणि इतरांचा आवाज थांबल्यावर तिनेही सवयीने तोंड मिटून घेतलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नवऱ्याला बरं वाटलं. आता तर हिला आणखी छान झोप लागेल.

त्याने खिडकीतून आत पाहिलं. बायकोच्या कपाळावर आठी पडली होती. हाताची बोटं हलली. फरशीवर काही चाचपडावं तशी ती बोटं हलत होती आणि पापण्या उघडू बघत होत्या.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तीन वर्षं आपण हिच्याभोवती शांतता रचत बसलो आणि ती तीन वर्षं पोरीचा आवाज का येत नाही म्हणून कान लावून जागी राहिली. त्याला स्वतःची लाज वाटली. पण लाजत बसायला वेळ नव्हता. तो मैदानाकडे पळाला.

"भुंगे, ओरड!"

पोरीने त्याच्याकडे संशयाने पाहिलं आणि कुजबुजली, "आई झोपलीये ना?"

"हो. म्हणूनच ओरड."

"खरंच?"

"अगदी खरंच. मघाशी ओरडलीस ना, तशी."

"बाबा रागावणार नाही?"

"नाही गं, राणी. कधीच नाही." आणि त्याने झोपाळा सगळा जोर लावून ढकलला.

भुंगी ओरडली. आधी जरा घाबरत, मग बेंबीच्या देठापासून. वर जाताना "आईऽऽ" आणि खाली येताना नुसतंच "ईऽऽऽ". समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या. इकडे घराच्या खिडकीशी उभ्या किल्लीवाल्या बाई हातवारे करून पोरीला गप्प करा म्हणून सांगत होत्या. त्यांना वाटलं असणार, माणसाचं डोकं फिरलं. मग त्यांनी आत वळून पाहिलं आणि त्यांचे हात तसेच राहिले.

फरशीवर बायकोने एक लांब सुस्कारा सोडला होता. ती कूस बदलून, गुडघे पोटाशी घेऊन पुन्हा झोपली.

"चारच्या माणसांना नको म्हणून कळवा," बाईंचे थांबलेले हात बघून नवरा रस्त्याच्या पलीकडून ओरडला.

झोपाळा खाली आला. भुंगीने मान मागे टाकून विचारलं, "बाबा, अजून ओरडू?"

"ओरड," तो डोळे पुसत म्हणाला. "आई उठेपर्यंत ओरड."