न घातलेली टोपी

डॉक्टरसाहेब, तुम्ही पहिल्या रांगेत बसला होता. खोक्यातून आवाज आला तेव्हा सगळ्यांत आधी तुमची मान डोलली, आणि ती डोललेली पाहूनच मागच्या चाळीस माना डोलल्या. त्या चाळीस जणांना मी दोष देत नाही. पण जिचं हृदय तुम्ही स्वतःच्या हातांनी शिवलं, तिची गोळी त्या दुपारी तुमच्या डोळ्यांदेखत बंद झाली आणि तुम्ही हूं की चूं केलं नाही.

खोकं म्हणजे गिटारचा जुना ॲम्प्लिफायर. तो वाजवणारा त्या बाईचा मुलगा सहा आठवड्यांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात गेला. खोकं बैठकीच्या खोलीत सोफ्याशेजारी गप्प उभं होतं. मग नादबाबा उगवला. हे नाव त्याला कुणी दिलं नव्हतं, त्यानंच घेतलं होतं.

"आत्मा जातो कुठं, माई? ज्यात जीव ओतला त्यातच जातो!" असं म्हणून त्यानं जमवलेल्या चाळीस जणांसमोर खोकं चालू केलं, आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं आणि समोर मांडी ठोकली. "बाळा, आईजवळ आहेस?"

'ट्णंऽऽग!'

गिटार जोडलेली नव्हती. विजेच्या वायरीखेरीज खोक्याला साधी तारही नव्हती. आईनं हंबरडा फोडून खोक्याला मिठी मारली.

"आईनं ह्या गोळ्या घ्याव्यात का रे?"

खोकं मुकं.

"नको म्हणतोय, माई. औषधानं भरलेल्या देहापाशी आत्मा थांबत नाही."

रक्त पातळ ठेवणारी ती गोळी. ऑपरेशननंतर एक दिवसही चुकवायची नाही, असं तुम्हीच बजावलेलं. ती त्या दिवसापासून डबीतच राहिली.

दहाव्या दिवशी त्या बाईची मुलगी मेकॅनिकच्या दुकानात आली. पन्नाशीचा हा माणूस रेडिओ, स्पीकर, ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचा. तिच्या भावाचं खोकं त्याच्याच हातचं.

"दादा, एकदा घरी येऊन बघा. आईनं गोळी बंद केलीय. म्हणते, तो नको म्हणाला."

"तो म्हणजे कोण?"

"खोकं," ती म्हणाली. हसायला गेली आणि रडली.

तिनं सगळं सांगितलं. गिटार नसताना वाजतं, कुणी बोललं की वाजतं. त्यानं खण उघडला. आत स्प्रिंगची एक नवीकोरी टोपी पडून होती.

त्या खोक्यात काचेच्या नळ्या असतात, वटवाघळासारख्या उलट्या टांगलेल्या. स्पीकरच्या धक्क्यांनी त्या खाली सरकतात, म्हणून प्रत्येकीवर पत्र्याची टोपी चढवायची. आतली स्प्रिंग नळीला जागेवर दाबून धरते. पहिल्या नळीची टोपी सैल होऊन खडखडायला लागली होती, म्हणून त्यानं काढली. "चार दिवसांत नवी बसवून देतो," म्हणाला. पोरगा हसला होता, "तुमचे चार दिवस म्हणजे चाळीस, काका!"

टोपी आली तोवर पोरगा गेला होता. मेलेल्या माणसाचं अर्धवट काम कोण हातात घेतो? त्यानं खण लावून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबाची रोजची बैठक भरली, पहिल्या रांगेत तुम्ही होतातच, आणि तो मागच्या भिंतीला टेकून बसला. कान तयार होता, पंधरा मिनिटांत उमगलं. 'हो' हवं असलं की बाबा रेड्यासारखा खालच्या सुरात विचारायचा, 'नको' हवं असलं की किनऱ्या आवाजात.

तो उठून पुढं गेला, खोक्यासमोर उकिडवा बसला आणि बाबाचाच खर्ज लावून म्हणाला, "बाळा, हा नादबाबा लबाड आहे ना रे?"

'ट्णंऽऽग!'

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"ह्या पंख्याला शिंगं आहेत ना?"

'ट्णंऽऽग!'

"आत्मा भडकलाय! बाजूला व्हा!" बाबा ओरडला.

"भडकलाय कसला, त्याच्याशी तुमच्याच आवाजात बोलतोय ना मी!" मेकॅनिकनं वीज बंद केली, निवेपर्यंत थांबला, मग मागची फळी उघडली आणि नळी बोटानं हलवून दाखवली. "बघा, ही सैल आहे. प्रत्येक वस्तूचा एक सूर असतो. तो जवळ काढला की ती थरथरते, आणि हिची थरथर हे खोकं हजारपट मोठी करतं. ह्यापलीकडं इथं काही नाही. हिची टोपी मी काढली आणि परत घातली नाही. चूक माझी. मी एक टोपी घातली नाही, म्हणून ह्यानं तुम्हां सगळ्यांना टोपी घातली. अहो, आवाज आला तर हात जोडण्याआधी फळी उघडून बघायची की नाही?"

त्यानं नळी घट्ट बसवली, टोपी फिरवून चढवली, वीज दिली. खालच्या सुरात विचारलं, वरच्या सुरात विचारलं. काही नाही. बाबा चपला हातात घेऊन जिना उतरला. तुम्हीही घड्याळ बघत उठलात, साहेब.

आई खोक्याला गाल लावून मुलाला हाका मारत राहिली, हळू, मोठ्यानं, अंगाईच्या सुरात. मग मान वर करून म्हणाली, "ती टोपी काढ."

"काकू, तो नव्हता तिथं."

"कळलं रे मला. मी काय वेडी आहे? तरी काढ."

मेकॅनिकच्या आयुष्यात कुणी त्याच्याकडं याहून लहान काम मागितलं नव्हतं. अर्धा फेरा फिरवला की टोपी निघते. त्याचा हात उठला आणि त्यानं तो मागं घेतला. त्यानं पाण्याचा पेला भरला, मुलीनं डबी उघडली. आईनं गोळी गिळली, दोघांकडंही न बघता.

पण अकरा दिवस गेले होते, आणि गोळीचा असर पुन्हा चढायला दिवस लागतात. तिसऱ्या सकाळी आईचा उजवा हात उचलेना आणि जीभ वळेना. रक्ताची गुठळी मेंदूत गेली होती. ती जगली. बोलत नाही.

परवा मेकॅनिक तुमच्या केबिनबाहेर दोन तास उभा राहिला. तुम्ही बाहेर आलात तेव्हा त्यानं वाट अडवली. "साहेब, तुम्हाला गोळीचं माहीत होतं. तिथं एक शब्द बोलला असता तर तिनं बाबाचं नाही, तुमचं ऐकलं असतं."

"लोकांच्या श्रद्धेत मी पडत नाही," तुम्ही म्हणालात.

"पहिल्या रांगेत बसलात, मान डोलावलीत. ते पडणं नव्हे तर काय? मी अडाणी मेकॅनिक. माझी चूक मी चाळीस जणांसमोर, त्या माउलीच्या तोंडावर सांगितली. तुम्ही तुमची कधी सांगणार?"

तुम्ही लिफ्टचं बटण दाबलंत. तो अजून विचारतोय, साहेब. कधी?