त्र्याऐंशी टक्क्यांचं फळ

नोनी औषधी आहे हे तिचा वास घेतलेल्या माणसाला पटवावं लागत नाही. निसर्ग इतका वाईट वास उगाच देणार नाही. माझी धाकटी बहीण या फळातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं वेगळी काढते. मी त्याच संस्थेत ग्रंथपाल आहे. मध्ये एकच भिंत असल्यामुळे गेली तीन वर्षं ग्रंथालयात वाचकांपेक्षा वासच नियमित येतो.

काम असं: फळं चिरायची, वाळवायची, दळायची, अल्कोहोलमध्ये भिजवून गाळायची. मग अर्काचे थेंब जांभळ्या द्रावणात टाकायचे. द्रावण जितकं पिवळं पडेल, तितका अर्क गुणी. जांभळा रंग किती टक्के उडाला, तो आकडा एक्केचाळीसच्या आसपास घुटमळत होता. गेल्या महिन्यात तो एकदम त्र्याऐंशीवर गेला आणि संचालकांनी फलक छापायला टाकला. प्रयोगशाळा आणखी तीन वर्षं चालू ठेवायची की तिला कुलूप घालायचं, हे ठरवायला गुरुवारी समिती येणार होती.

बहीण सोडून सगळे खूश होते.

"दादा, आपल्याला एकदम दुप्पट मार्क पडले की आई काय करायची?"

"शेजारी कोण बसलं होतं ते विचारायची."

"मग?"

मग सोमवारी सकाळी ती फळं चिरणाऱ्या काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. काका म्हणजे तीस वर्षं इथल्या बाटल्या धुणारे मदतनीस. त्यांनी फोडी केल्या, खिशातून लिंबू काढलं, कापलं आणि फोडींवर पिळलं.

"काका, हे काय?"

"लिंबू."

"ते दिसतंय. कशाला?"

"वास मरतो ना, ताई. पलीकडे ग्रंथालयात दादासाहेब नाकाला रुमाल लावून बसतात, बघवत नाही. शिवाय फोडी काळ्या पडत नाहीत."

"कधीपासून पिळताय?"

"झाला महिना. घरूनच आणतो हो, संस्थेवर बोजा नको."

लिंबात क जीवनसत्त्व असतं आणि जांभळं द्रावण पिवळं करण्यात ते पटाईत असतं. कारण कळल्यावर काका स्टुलावर बसले.

संचालक मात्र डगमगले नाहीत. "लिंबू नैसर्गिकच आहे की. समितीला आकड्याशी मतलब."

"मग प्रकल्पात नोनीच्या जागी लिंबू लिहू?" बहिणीने विचारलं. "चिरायलाही सोपं पडेल."

तिने बिनलिंबाची फळं घेऊन सगळं पहिल्यापासून केलं, तेही तीनदा. बुधवारी संध्याकाळी आकडे आले: त्रेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस.

गुरुवारी सभागृहात संचालकांचा फलक लागला होता. त्याच्याच खाली उभं राहून ती म्हणाली, "वरचा आकडा चुकीचा आहे. फोडींवर लिंबू पिळलं गेलं होतं. खरा त्रेचाळीस."

समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "लिंबू कुणी पिळलं?"

काका दारापाशी पाण्याचे ग्लास घेऊन उभे होते. त्यांनी ग्लास खाली ठेवले.

"चूक माझी," बहीण म्हणाली. "वाळवण्यापासून पुढची सगळी पद्धत मी लिहून ठेवली होती. चिरण्याची लिहिलीच नाही. चिरणं कुणालाही येतं, असं मला वाटलं."

अध्यक्षबाईंनी तिन्ही आकडे पुन्हा वाचले. "तीन वर्षं देता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "एक देते. खाली येणारा आकडा स्वतःहून दाखवणारं माणूस मी नोकरीत पहिल्यांदाच बघतेय."

संचालक ताबडतोब म्हणाले, "आमच्या संस्थेची ती परंपराच आहे." ती परंपरा तेव्हा जेमतेम दहा मिनिटांची होती.

आमच्या घरात तोंडावर कौतुक करण्याची पद्धत नाही. त्यामुळे मी खुर्चीवर चढलो आणि बहिणीच्या डोक्यावरचा फलक माझ्या हाताने उतरवला. गुंडाळायला जरा वेळ लागला, कारण डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. वासाने असेल.

खाली बहिणीने काकांसमोर कोरा कागद ठेवला होता.

"सांगा काका, मी लिहिते. चिरायच्या आधी पहिलं काय करायचं?"

काकांनी घसा साफ केला, शर्टाची बटणं चाचपली आणि समितीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "खिसे रिकामे करायचे."

बहिणीने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.