भिंतीचा फोटो

मावशी शिवणकारखान्यात शर्टांना कॉलरी लावायची आणि तिच्याकडे राहणारी भाची विद्यापीठात पीएचडी करत होती. भिंतीबद्दल भाचीला सांगितलं ते मावशीनेच. कारखान्याच्या मागच्या, रस्त्याकडच्या भिंतीवर बायका कापडावर खुणा करायच्या खडूने काहीबाही लिहायच्या. ‘बाथरूमला जायला हात वर करायचा, आम्ही बालवाडीत आहोत का?’ त्याखाली दुसऱ्याच अक्षरात, ‘बालवाडीत निदान पंखा तरी असतो.’

भाचीला विषय सापडत नव्हता. मार्गदर्शक मॅडमनी एकामागून एक प्रस्ताव परत पाठवले होते. भिंत पाहिली आणि तिच्या अंगात उत्साह संचारला. तिने फोटो काढला, भलामोठा करून विभागाच्या प्रदर्शनात लावला. मॅडम खूश झाल्या. विभागाने तो वेबसाइटवरही टाकला. बायकांना विचारायला हवं, हे भाचीच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण रस्त्यावरची भिंत, त्यात विचारायचं काय, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

थोड्याच दिवसांनी मावशी कामावरून आली ती खांद्याची पर्ससुद्धा न काढता खुर्चीत बसली.

“काजवालीला काढलं.”

काजवाली म्हणजे बटणांची काजं करायच्या मशिनवरची, अख्ख्या खात्याला हसवणारी बाई. मॅनेजरने वेबसाइटवरचा फोटो पाहिला होता. मालाच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या काजवालीच लिहायची. अक्षर जुळलं.

“माझ्या फोटोमुळे?” भाचीने विचारलं.

“नाहीतर काय, माझ्या कॉलरीमुळे? इतकी वर्षं लिहितायत. एका पावसात धुऊन जायचं सगळं. तुझा फोटो कुठे धुऊन जातोय?”

भाची दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेली. फोटो काढून टाकू या म्हणाली.

“आता?” मॅडम म्हणाल्या. “अगं, उलट आता तुझ्या कामाला वजन आलंय. त्या बाईची मुलाखत घे.”

आठवड्यापूर्वी भाची स्वतःही हेच म्हणाली असती.

ती काजवालीच्या घरी गेली, पण रेकॉर्डर न घेता. काजवाली पलंगावर बसून कुणाच्या तरी पॅन्टची शिवण उसवत होती. भाचीने तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “माफी मागू नकोस बाई. मग मला काहीतरी बोलावं लागेल, आणि आत्ता मला काही सुचत नाही.”

भाची उभीच राहिली.

“पंख्याचं कुणी लिहिलंय, ते विचारायला आलीस?”

“नाही हो.”

“बरं. पण तुझ्या फोटोत तिचंही अक्षर आहे.”

हे भाचीच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती तशीच विद्यापीठात गेली आणि वेबसाइट सांभाळणाऱ्या क्लार्कच्या टेबलासमोर ठाण मांडून बसली. मॅडमना विचारून येतो, असं तो म्हणत राहिला. फोटो माझा आहे, असं ती म्हणत राहिली. शेवटी त्याने वैतागून तो काढला. प्रदर्शनातलं पोस्टर तिने स्वतःच्या हाताने उतरवलं. ते निघताना भिंतीच्या रंगाचे पोपडेही निघून आले.

समितीपुढे प्रस्ताव मांडायचा दिवस आला. क्षेत्रकार्याची तयारी झाली आहे का, असं एका प्राध्यापकांनी नेहमीच्या सुरात विचारलं.

“नाही,” भाची म्हणाली. “लोकांमध्ये कसं जायचं, तेच मला अजून येत नाही.”

मॅडमनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. तिला पुढच्या सत्रात यायला सांगितलं गेलं.

काजवालीला पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला काम मिळालं, कमी पगाराचं. भिंतीला मॅनेजरने डांबर फासलं. मावशी आणि भाची अजूनही एकत्रच जेवतात. मावशी भाजी महागल्याचं सांगते, शेजारच्या मुलीच्या परीक्षेचं सांगते. कारखान्यातलं मात्र काही सांगत नाही, आणि भाचीही विचारत नाही.