पार्किंगमधली निवटी

विमानतळाच्या जागेत गाव गेलं, मिठागरं भरावाखाली गेली आणि जन्माच्या मैत्रिणी दोन वाटांना लागल्या. गोदू लेकीकडे आपट्याला गेली, कृष्णाबाई मुलाबरोबर, परेशबरोबर, पनवेलच्या नव्या इमारतीत आली. घर चांगलं होतं. फक्त खिडकीतून खाडी दिसत नव्हती.

कोजागिरीच्या दिवशी, भर दुपारी, खालून आरडाओरडा ऐकू आला. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी! उधाणाचं पाणी गटारातून उलटं चढत होतं. स्कूटरी बुडाल्या, लिफ्ट बंद पडली. परेश मीटरच्या खोलीकडे धावला. कृष्णाबाई जिन्याने उतरली आणि शेवटून तिसऱ्या पायरीवर थबकली. वास ओळखीचा होता. चिखलाचा, खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांचा.

"सरडा! सरडा!" पहिल्या मजल्यावरची बाई किंचाळली.

खांबाला चिकटून बसलेली ती निवटी होती, चिखलात उड्या मारणारी खाडीची मासळी. डोळे वर काढलेली, गालफडं फुगवलेली. कृष्णाबाईने पदर खोचला, पाण्यात उतरली आणि तिला तिथेच तरंगणाऱ्या एका बादलीत अलगद घेतलं. ओहोटीच्या चिखलात ती आणि गोदू अशाच निवट्यांमागे धावायच्या, पडायच्या, आणि माखलेल्या अंगाने घरी गेल्यावर दोघींच्या आया एका सुरात ओरडायच्या. तिला हसू आवरेना.

"आई, हसतेस काय? लोकांच्या गाड्या गेल्या!" परेश कावला.

ती ओशाळली. "चुकला रे माजा. पन बग ना, बांध गेला, मिठागर गेला, तरी पानी आपली वाट इसरला नाय."

 परेश बादलीत डोकावला आणि म्हणाला, "लहानपणी माझ्या हातून नेहमी निसटायची." मग त्यानेच गोदूला व्हिडिओ कॉल लावून दिला.

"किस्ने, कालवन कर!" गोदू ओरडली.

"एकीचा कालवन?"

दोघी हसल्या. हसता हसता गोदू रडायला लागली आणि म्हणाली, "उद्या येतंय मी. तोवर हात नको लावू तिला."

दुसऱ्या दिवशी गोदू एसटीने आली. सोसायटीत विजेचे मीटर वर चढवण्यावरून वाद चालला होता, तेवढ्यात परेश दोघींना रिक्षाने खाडीकडे घेऊन गेला. पत्र्याच्या कुंपणामागे तिवरांचा एक तुकडा अजून उभा होता. गोदूने बादली कलती केली. निवटीने चिखलावर दोन उड्या मारल्या आणि बिळात शिरली.

"पुढच्या पुनवेला पानी परत येल तुज्या दारात?" गोदूने विचारलं.

"येल. त्याला जागा कुठं ठेवलीय आपन?"

गोदूने चपला काढून बाजूला ठेवल्या आणि चिखलात पाय घातला. सत्तरीची बाई, घोट्यापर्यंत रुतली, तोल गेला, आणि तिला धरायला गेलेली कृष्णाबाईही तिच्याबरोबर बसकण मारून पडली. रिक्षावाला धावला. परेशने त्याला हातानेच थांबवलं.