तांबरमच्या फाटकावर बंद पडलेली गाडी

मालोजीरावांनी ती पिकअप दोनदा तपासली होती आणि दोन्ही वेळा लिहून दिलं होतं, इंजिनात दोष नाही.

हे १९५८ साली मद्रासमध्ये घडलं. गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, मागे ताडपत्रीखाली बाकं बसवलेली. एका संस्थेच्या डॉक्टर जयवंती तिच्यातून आठवड्यातून तीनदा तांबरमपलीकडच्या खेड्यांत गरोदर बायकांना तपासायला जात. गाडी मधेच दचके देते, अशी ड्रायव्हर चंद्रमौळीची तक्रार होती. कधी चार मैलांत दोनदा, कधी दिवसभर नाही. पण एग्मोरला मालोजीरावांच्या गॅरेजात ती तासभर सुरू ठेवली तरी एकदाही अडखळली नाही. त्यांनी प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला आणि कागदावर सही केली.

मग एका मंगळवारी ती तांबरमच्या रेल्वे फाटकात, ऐन रुळांवर बंद पडली. मागे दोन पोटुशा बाया बसलेल्या. लोकांनी ढकलून गाडी बाहेर काढली म्हणून निभावलं. संस्थेच्या सेक्रेटरींनी मालोजीरावांचा कागद पुढे ठेवला. गाडी ठीक आहे, म्हणजे माणूस चुकला. नऊ वर्षं गाडी चालवणाऱ्या चंद्रमौळीला त्यांनी त्याच दिवशी कामावरून काढून घरी पाठवलं.

जयवंतीबाईंना ते पटलं नाही. त्या आणि मालोजीराव दोघंही तंजावरकडच्या मराठी घरांतले, त्यामुळे त्या त्यांना मामा म्हणत. गुरुवारी सकाळी त्या गॅरेजात आल्या आणि म्हणाल्या, आता त्याच रस्त्याने तुम्ही चालवा, मी शेजारी बसते. मालोजीराव नको म्हणाले. बाई आधीच आत जाऊन बसल्या होत्या.

मागे बायकांच्या वजनाइतकी वाळूची पोती टाकून ते निघाले. तांबरमपर्यंत इंजिन एकसारखं चाललं. फाटक उघडं होतं. पुढचं चाक पहिल्या रुळावर चढलं, मालोजीरावांनी वेगाचं पॅडल जरा दाबलं आणि इंजिन दोन दचके देऊन गप्प झालं. स्विच बंद करावा तसं.

फाटकवाला हातात झेंडा घेऊन ओरडत धावला. लांबून विजेच्या गाडीचा भोंगा ऐकू आला. मालोजीरावांनी स्टार्टर दाबला. इंजिन नुसतं फिरलं, पेटलं नाही. पुन्हा तेच.

"बाई, उतरा."

"तुम्ही?"

"उतरा म्हणतो ना."

बाई उतरून पलीकडे पळाल्या. मालोजीरावांनी पहिला गिअर टाकला, क्लचवरचा पाय काढला आणि स्टार्टर दाबून धरला. इंजिन पेटत नव्हतं, पण बॅटरीच्या जोरावर गाडी हातभर सरकली, मग आणखी हातभर. मागचं चाक शेवटच्या रुळावरून उतरलं, गाडी आणखी थोडी पुढे गेली, आणि मग पाठीमागून डबे धडधडत गेले. तेव्हा कुठे त्यांनी स्टार्टर सोडला.

बाई धावत जवळ आल्या. कोणी गाडी ढकलून सुरू करायला पुढे झालं, त्याला मालोजीरावांनी थांबवलं. दोष आत्ता हजर होता, धक्का लागला तर पुन्हा लपला असता. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल होतं. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन धापा टाकत मरतं, हे एकदम मेलं होतं. म्हणजे वीज तुटत होती. त्यांनी प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण हलकेच काढलं. वीज जोडणारे-तोडणारे आतले पॉइंट मिटलेले होते, म्हणजे चावी फिरवली की वीज वाहायला हवी होती. त्यांनी बाईंना चावी फिरवून डॅशबोर्डवरच्या करंटच्या काट्याकडे बघायला सांगितलं.

"हलत नाही," बाई म्हणाल्या.

पॅडल दाबलं की आतली तबकडी किंचित फिरते आणि तिला जोडलेली बोटभर वायर ओढली जाते. मालोजीरावांनी आगकाडीच्या टोकाने ती वायर जराशी लोटली.

"हलला मामा. आता पडला. पुन्हा हलला."

गॅरेजात गाडी उभ्या उभ्या चालली, पॅडल दाबलंच नाही, म्हणून ती वायर कधी ओढली गेलीच नाही. त्यांनी वायर सोडवून उन्हात धरली. वरचं वेष्टण शाबूत, आतल्या तारा तुटलेल्या. वेष्टण लाल सुती होतं. घरातल्या दिव्याची ताठ वायर. दोन महिन्यांपूर्वी पॉइंट बदलताना मूळची लवचीक वायर हाती तुटली होती, दुकानात तशी मिळाली नाही, म्हणून त्यांनीच हा तुकडा घातला होता. कोणालाही ठाऊक नव्हतं.

"ही कोणी घातली?" बाईंनी विचारलं.

आधीच्या कुठल्याही मेकॅनिकचं नाव चाललं असतं.

"मी," ते म्हणाले. "चंद्रमौळी खरं सांगत होता."

संध्याकाळी दोघं त्याच्या घरी गेले. चंद्रमौळीने त्यांना बसायला सांगितलं नाही. मालोजीरावांनी तमिळमध्ये सगळं सांगितलं, काही न वगळता. ऐकून तो म्हणाला, तोंडी नको, जसा पहिला कागद दिलात तसाच हाही लिहून द्या. मालोजीरावांनी तिथेच लिहिला आणि सही केली.

सोमवारी चंद्रमौळी कामावर परतला. त्याने सेक्रेटरींना एकच अट घातली होती, गाडी यापुढे दुसऱ्या गॅरेजात जाईल. ती मान्य झाली. जयवंतीबाईंनी हे सांगितलं तेव्हा मालोजीराव म्हणाले, बरोबर आहे त्याचं.