डावीकडचं स्टूल

ड्रिल मागे घेतलं, भोकातला भुसा फुंकला आणि सवयीने तुकडा धरलेला डावा हात बाजूला केला. तुकडा कोणी घेतला नाही.

डावीकडच्या स्टुलावर आमची ही बसायची. पेनासाठी आणलेल्या ॲक्रिलिकच्या तुकड्याला मी भोक पाडायचं आणि न बघता तिच्याकडे द्यायचं, असं आमचं चालायचं. ती गेली हे मला कळलंय. हाताला अजून कळलेलं नाही.

"बाबा?" मुलगी दारात उभी होती. तिने पाहिलं होतं.

"गरम झालाय तुकडा. वारा लागू देतोय," मी म्हणालो.

ती आत आली, पण स्टुलावर बसली नाही. लेथच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. "संध्याकाळी निघायचंय मला. होईल ना?"

"का नाही होणार? पेन करायचंय, पूल नाही बांधायचा."

"आई म्हणायची, बाबा 'का नाही होणार' म्हणाले, की समजायचं जेवण गार होणार."

मी हसल्यासारखं केलं. तिची नजर माझ्या हातावरून हटावी म्हणून घाईने रिफिल बसते त्या पितळी नळीला गोंद फासला आणि भोकात सरकवून दिली.

तो हिरवट, काचेसारखा तुकडा हिनेच निवडला होता. दवाखान्यात उशाशी ठेवायची, मधूनच खिडकीच्या उजेडात धरून बघायची. "पोरीला नोकरी लागली की याचं करा. घाई करू नका," म्हणाली होती. तसा दुसरा घरात नव्हता.

गोंद धरल्यावर तुकडा सळईवर चढवला, दोन्ही टोकांना बुश, म्हणजे मापाच्या कड्या, लावले, लेथ सुरू केला. ॲक्रिलिकवर जोर चालत नाही, टवका उडतो. हत्याराला धार होती. लांबच लांब फिती निघायला लागल्या. लहानपणी मुलगी त्यांच्या बांगड्या करायची. आता तिने एक उचलून बोटाला गुंडाळली.

तुकडा बारीक होत गेला आणि आतून पिवळं दिसायला लागलं.

मी लेथ बंद केला.

"काय झालं?"

पारदर्शक ॲक्रिलिकमधून नळी दिसते. म्हणून ती बसवण्याआधी भोकाला आतून पांढरा रंग द्यावा लागतो. ते काम हिचं. बारीक ब्रश घेऊन द्यायची आणि वर ऐकवायची, "तुम्ही बाहेरून कितीही चमकवा, शोभा आतून येते." मी हे काम कधी केलंच नव्हतं. आज तर पोरीची नजर चुकवण्याच्या गडबडीत आठवलंही नाही.

"आतून रंग द्यायचा राहिला," मी म्हणालो. "नळी आता निघायची नाही. वाटोळं केलं मी. दुसरं करून पाठवतो तुला."

"आईने निवडलेला दुसरा आहे?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग हेच करा."

मी पॉलिशला लागलो. ती बघत राहिली, घड्याळाकडे वळली नाही. पेन जोडून दिलं तेव्हा तिने ते खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. अगदी हिच्यासारखं, एक डोळा बारीक करून. हिरव्यातून पितळ स्पष्ट दिसत होतं.

"आई असती तर बोलली असती," ती म्हणाली.

"फार बोलली असती."

दोघंही हसलो. मग ती खिडकीकडेच तोंड करून उभी राहिली. मी उगाच लेथ पुसत बसलो.

संध्याकाळी मुलगी निघून गेल्यावर भुसा झाडला. स्टुलाखाली रंगाची डबी होती. झाकण घट्ट बसलं होतं, स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं. वर जाड साय धरली होती. बोटाने दाबली तर फाटली. खाली रंग ओलाच होता.

बोट पुसलं नाही. झाकण लावलं, ही ठोकायची तसं चारी बाजूंनी ठोकलं आणि डबी होती तिथे सरकवून ठेवली.