दाराबाहेर तिमोफेई

ग्लेब आर्दातोव अंतराळयानाचा कप्तान होता, पण बाहेर दोरीच्या टोकाला तरंगणाऱ्या तिमोफेईचा त्याला फक्त श्वास ऐकू येत होता.

"ग्लेबुश्का, घोळ झालाय," तिमोफेई म्हणाला. "पोशाख फुगलाय. बोटं हातमोज्यांतून मागे सरकलीत. दोरी धरताच येईना."

"आधी पाय घाल. शिकवलंय तसं."

"शिकवणाऱ्यालाच पाठव की इकडे!" तो हसला, आणि हसता हसता त्याला धाप लागली.

यानाला जोडलेल्या अरुंद बोगद्यातून त्याला आत यायचं होतं. पोशाख लाकडासारखा ताठ झालेला. त्यामुळे तिमोफेई बोगद्यात मावत नव्हता. बोगद्याचं बाहेरचं दार लागेपर्यंत ग्लेबला आतलं दार उघडायची सोय नव्हती. उघडलं तर यानातली हवा गेली असती.

जमिनीशी संपर्क तुटला होता. उड्डाणाआधी एका बड्या अधिकाऱ्यानं ग्लेबला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आत येणं जमलं नाही, तर बोगदा तोडायचा. एकट्यानं खाली यायचं. समजलं ना, कॉम्रेड?" बोगदा तोडायचा खटका समोरच होता. तिकडे बघायचंच नाही असं ग्लेबनं ठरवलं. डोळे मात्र तिथंच जात होते.

"घामानं काच धुरकटलीय," तिमोफेई म्हणाला. "पोशाखातली थोडी हवा सोडतो, म्हणजे तो सैल पडेल."

"नको! रक्तात बुडबुडे होतील."

"मग दुसरं काही सांग."

ग्लेबची नजर पुन्हा खटक्याकडे गेली.

"सोडतोय."

मग नुसती घरघर.

"तिमोशा! बोल रे! शिवी घाल, पण बोल!"

बऱ्याच वेळानं बोगद्याच्या भिंतीवर धक्का बसला. तिमोफेई उलटा, डोकं पुढे करून घुसला होता. त्या चिंचोळ्या जागेत वळून दार ओढताना त्याचे काय हाल होताहेत, ते ग्लेब कानांनीच बघत राहिला.

तिमोफेई वाचला. उजव्या हाताची बोटं मात्र पुढे कधी नीट वळली नाहीत. वर्तमानपत्रांत ही घटना अंतराळातली सुंदर सैर म्हणून छापून आली.

परतल्यावर तिमोफेईच्या बायकोनं, लिदानं, ग्लेबला जेवायला बोलावलं. कोबी भरलेला पिरोग टेबलावर ठेवून तिनं त्याला मिठीच मारली.

"तुम्ही होतात म्हणून माझं माणूस घरी आलं."

तिमोफेई मान खाली घालून डाव्या हातानं पिरोग कापत होता.

"मी काहीच केलं नाही, लिदा," ग्लेब म्हणाला.

"बघा, किती साधा माणूस!" ती म्हणाली, आणि तिनं त्याला आणखी एक तुकडा वाढला.